एका आकड्यासाठी हेलपाटे

शेतात 1 मेगावॉटचा सोलर प्रकल्प टाकला, त्याला एक उन्हाळा होऊन गेला. पण तो आकडा आठवला की अजून डोकं तापतं.

पीएम-कुसुम म्हणजे शेतकऱ्यांसाठीची केंद्राची सौर योजना. तिच्या घटक अ मध्ये 500 किलोवॉट ते 2 मेगावॉटपर्यंतचा प्रकल्प बसतो. आमचं पाच एकराचं मुरमाड वावर, यवतमाळ-वाशीमच्या सीमेकडचं, विजेच्या उपकेंद्रापासून 3 किलोमीटरवर. कापूस तिथं कधी धड आलाच नाही. सातबारा, बँक, मोजणी, सगळं झालं. लोड फ्लोचा अभ्यासही आठवड्यात आला: भर दुपारी पंप बंद असताना आमच्या विजेने लाइनचं व्होल्टेज 6 टक्क्यांच्या वर चढत नाही ना, एवढंच पाहायचं होतं. चढत नव्हतं.

मग नागपूरच्या सल्लागाराचा फोन आला. "दादा, 11 केव्ही बसची फॉल्ट लेव्हल पाहिजे. त्याशिवाय शॉर्ट सर्किटचाही अभ्यास होत नाही अन् अर्थिंगचाही." बस म्हणजे उपकेंद्रातली ती जाड पट्टी, जिच्यावरून 11 केव्हीच्या लाइनी निघतात. तिथं शॉर्ट झालं तर किती करंट धावेल, तो आकडा म्हणजे फॉल्ट लेव्हल. म्हटलं, एक आकडा तर मागायचा आहे, उद्याच आणतो.

तो उद्या अडीच महिन्यांनी उजाडला. कोणत्या कार्यालयात ते लिहीत नाही, बिलाचं काम दर महिन्याला तिथंच पडतं. पहिल्या टेबलावर उत्तर मिळालं, "हा आकडा आमच्याकडं नसतो जी, टेस्टिंगवाल्यांकडं जा." टेस्टिंगवाले म्हणाले, वरच्या कार्यालयात. वरच्या कार्यालयातले म्हणाले, 33 केव्हीचा आकडा देऊ, 11 चा खालचे देतील. खालचे म्हणजे पहिलं टेबल. दर वेळी मोटरसायकलवर जाणं-येणं, दर वेळी नवा अर्ज, दर वेळी आवकचा शिक्का. एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा ऑडिट. एकदा तर बाबू म्हणाला, "तुमचा सल्लागार इंजिनिअर आहे ना? मग त्यानंच काढावा." सल्लागार म्हणे, कार्यालयाच्या पत्राशिवाय मी काढलेला आकडा तेच नामंजूर करतील. दोघंही आपापल्या जागी खरे, अन् मधे मी! एका दुपारी तर मी त्या टेबलावर आवाज चढवला. बाबूने फाइल बंद केली अन् पुढचे पंधरा दिवस ती उघडलीच नाही. आवाज चढवू नका, हे माझ्याकडून शिका.

सुटका झाली ती उपकेंद्राच्या ऑपरेटरमुळे. त्याच्याकडं चहा पिता पिता रडगाणं गात होतो, तर तो म्हणाला, "ट्रान्सफॉर्मरवरची पाटी पाहिली काय?" कुंपणाबाहेरून बोटाने दाखवली. त्यानेच आत जाऊन फोटो काढून दिला: 5 एमव्हीए, 33/11 केव्ही, इम्पीडन्स, म्हणजे ट्रान्सफॉर्मर करंटला करतो तो अडथळा, 7.15 टक्के. फोटो पाठवला अन् दहा मिनिटांत सल्लागाराचा हिशेब आला. 5 भागिले 0.0715 म्हणजे साधारण 70 एमव्हीए, 11 केव्हीवर जवळपास 3.67 किलोॲम्पिअर. 33 केव्हीकडून येणारं बळ अमर्याद धरलेलं, त्यामुळे खरा आकडा याहून कमीच; वावरापर्यंतच्या तारेने तो आणखी उतरतो. सोलरच्या इन्व्हर्टरची भर जेमतेम, आमचा पूर्ण भारच 11 केव्हीवर 52 ॲम्पिअर. म्हणजे या आकड्यावर अर्थिंग केलं तर चूक झाली तरी सुरक्षिततेच्या बाजूनेच होणार. हिशेब एका पानावर लिहिला, पाटीचा फोटो जोडला, कनिष्ठ अभियंत्याने "तपासले" म्हणून सही केली, अन् पुढच्या टेबलाने तो मुकाट स्वीकारला. अडीच महिने तो आकडा भिंतीपलीकडे ऊन खात होता.

अर्थिंगसाठी माती करंटला किती अडवते तेही मोजावं लागतं. ही मातीची चाचणी मात्र माझ्याच आळसाने दोनदा करावी लागली. चार सळया एका रेषेत, सारख्या अंतरावर ठोकतात. बाहेरच्या दोनमधून करंट, आतल्या दोनमध्ये व्होल्टेज मोजतात, मग अंतर वाढवत नेतात. पहिल्या वेळी रांग जुन्या बोअरच्या लोखंडी केसिंगजवळून, तारेच्या कुंपणाला समांतर घेतली. आकडे भलतेच गोड, म्हणजे कमी आले. पुरलेलं लोखंड करंट पळवतं, म्हणून ते बाद. दुसऱ्यांदा मे महिन्यात, वावराच्या मधोमध: वरच्या थरात 12 ओहम-मीटर, 10 मीटर अंतरावर 190 च्या वर, म्हणजे खाली पाषाण. पावसाळ्यात मोजलं असतं तर वरचा थर आणखी चांगला दिसून फसवलं असतं.

ट्रान्सफॉर्मरच्या आवारातल्या खडीवर पैसे वाचवू नका. मी तिला शोभेची समजत होतो. तिच्यामुळे पायाखालचा रोध वाढतो अन् फॉल्टच्या क्षणी लोखंडाला हात लागलेल्या माणसाच्या अंगातून कमी करंट जातो. त्यातून गाजरगवत उगवतं, ते उपटत राहा. अन् गावातला वायरमन अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरा म्हणेल. मीठ पावसात वाहून जातं, जाईपर्यंत अर्थिंगची लोखंडी पट्टी खातं.

आणखी एक राहिलंच. उपकेंद्रात दोन ट्रान्सफॉर्मर असतील तर ते पॅरलल, म्हणजे एकाच बसला जोडून सोबत, चालतात का, हे ऑपरेटरला विचारून घ्या, नाहीतर आकडा जवळपास निम्मा धरला जाईल. पाटी गंजली असेल तर पुसायला त्यालाच सांगा. आपण कुंपणाच्या आत पाऊल टाकायचं नाही.