उजव्या हाताचा नारळी काठ

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी एक काम ठरवून घेतले होते. दिवाळीपर्यंत दहाही नखांवर पैठणीचा नारळी काठ काढायचा, आणि तो असा जमायला हवा की कोणता हात कोणत्या हाताने रंगवला आहे, हे पाहणाऱ्याला ओळखता येऊ नये. घरी नेल आर्ट करणाऱ्या प्रत्येकीची अडचण एकच असते. डावा हात देखणा होतो, कारण तो उजव्याने रंगवलेला असतो. आणि उजवा हात मात्र बालवाडीतल्या मुलाने रंगवल्यासारखा दिसतो. गेली दोन वर्षे मी ही उणीव फोटोत फक्त डावा हात दाखवून झाकत आले आहे. या नोंदी उजव्या हाताच्या आहेत.

१२ जून

सुरुवात ठिपक्यांपासून केली. ठिपक्याला दिशा नसते, त्यामुळे हात किंचित थरथरला तरी तो गोलच उमटतो. माझ्याकडच्या डॉटिंग टूलचे टोक करंगळीच्या नखाच्या मानाने जाड आहे, म्हणून एक टाचणी पेन्सिलच्या मागच्या खोडरबरात खोचली आणि तिच्या गोल डोक्याने ठिपके दिले; पेन्सिल हातात असल्यामुळे पकडही ओळखीची राहिली. तीन-दोन-तीन अशी अधल्यामधल्या ठिपक्यांची रांगोळी डाव्या हाताने काढली. पहिल्या तीन नखांवर ठिपके बरे आले आणि पुढच्या दोन नखांवर प्रत्येक ठिपक्याला शेपूट फुटले.

मी आधी दोष हाताला दिला. मग लक्षात आले की पालथ्या स्टीलच्या वाटीवर घेतलेला नेलपॉलिशचा थेंब तोपर्यंत चार-पाच मिनिटांचा शिळा झाला होता, आणि टाचणी उचलली की त्यातून तार निघत होती. ज्यांनी लाडवांसाठी पाक केला आहे त्यांना हे लगेच कळेल: पाक एकतारी झाला की जसा चमच्यामागून ओढला जातो, तसाच हा थेंब ओढला जातो. तेव्हापासून नियम असा केला आहे की एकतारी होण्याच्या आत थेंब पुसून नवा घ्यायचा, साधारण दर दोन नखांनंतर. शेपटे त्याच दिवशी बंद झाली. (ती वाटी आता माझ्या खणात असते. स्वयंपाकघरात तिला परत प्रवेश नाही.)

२९ जून

पाऊस सुरू झाला आणि रंग सुकेना. रात्री अकराला लावलेला गडद जांभळा रंग बोट टेकवल्यावर कोरडा लागत होता, आणि सकाळी उठून पाहते तर अंगठ्यावर चादरीची वीण स्वच्छ उमटलेली. या नोंदीवर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते घरच्या घरी केलेल्या नेल आर्टची निम्मी फजिती इथेच होते.

नेहमीच्या नेलपॉलिशचा कणा म्हणजे नायट्रोसेल्युलोज. १९२० च्या दशकात मोटारींच्या रंगात जे वापरले जाऊ लागले, तेच हे द्रव्य. ते इथिल ॲसिटेट आणि ब्युटिल ॲसिटेट अशा द्रावकांत विरघळवलेले असते, आणि रंग ‘सुकतो’ म्हणजे हे द्रावक उडून जातात व मागे पापुद्रा उरतो. थर जाड असेल, किंवा आपण उतावीळपणे पंख्याखाली हात धरला असेल, तर वरचा भाग आधी आवळतो आणि खालचे द्रावक आत अडकून पडते. बोटाला वरचा कोरडेपणा जाणवतो आणि चादरीला आतला ओलेपणा सापडतो. बुडबुडेही बहुधा असेच येतात. बर्फाच्या पाण्यात बोटे बुडवण्याचा उपाय मी करून पाहिला आहे. त्याने पृष्ठभाग तेवढ्यापुरता कडक होतो, पण आतले द्रावक काही उडत नाही.

म्हणून आता दोन जाड थरांऐवजी तीन पातळ थर देते, प्रत्येक थरानंतर पाच-सात मिनिटे थांबते, पंखा बंद ठेवते आणि रात्री रंगवत नाही. बाटली खडखडा हलवण्याऐवजी दोन्ही तळव्यांत धरून रवीसारखी घुसळते, म्हणजे आतले छरे रंग ढवळतात आणि हवा कमी मिसळते. जुन्या बाटलीतला रंग घट्ट झाला असेल तर त्यात थिनरचे दोन-तीन थेंब घालावेत, रिमूव्हर कधीही घालू नये. रिमूव्हरमध्ये बहुतेकदा ॲसिटोन असते, शिवाय बहुधा पाणी आणि तेलही असते. त्याने रंग पातळ होतो खरा, पण पुढे फाटतो. माझी एक सुंदर मोरपंखी बाटली मी अशीच घालवली आहे.

१३ जुलै

वारली करून पाहिली. गेरूच्या जवळ जाणारा तपकिरी रंग, त्यावर पांढऱ्या रेषा. त्रिकोणाला त्रिकोण टेकवून होणारे ते माणसाचे शरीर नखाच्या जेमतेम एक सेंटिमीटर जागेत फार छान बसते. चित्रच मुळात इतके काटकसरी आहे. डाव्या हातावर तारपा वाजवणारा आणि त्याच्यासमोरचे नाचणारे असे पाच नखांवर मिळून काढले. उजव्या हातावर एकच झाड काढले आणि तेही वाऱ्याने पडल्यासारखे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी फोडणीचे पोहे केले, आणि बटाट्याच्या फोडींना हाताने हळद-मीठ चोळले. पांढऱ्या रेषा पिवळ्या पडल्या. वरून मॅट टॉपकोट, म्हणजे चमक नसलेला पारदर्शक थर होता, आणि मॅट टॉपकोटचा पृष्ठभाग खरबरीत असल्यामुळे त्यावर हळद अधिक धरते. चकचकीत टॉपकोटवर ती थोडी कमी बसते, पण बसतेच. ज्यांच्या घरी रोज दोन वेळा फोडणी होते त्यांनी पांढरा रंग रविवारपुरता ठेवावा, असे माझे मत झाले आहे. बेसकोट मात्र रोजच्या रंगालाही टाळू नये. लाल आणि गडद निळे रंग थेट नखावर लावले तर नख पिवळट दिसू लागते. तो डाग रिमूव्हरने जात नाही, नखाबरोबर वाढत वाढत पुढे सरकतो. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते, म्हणजे मुळाजवळच्या डागाला टोकापर्यंत पोहोचायला चार-पाच महिने लागतात.

ऑगस्ट

या महिन्यात दोन वाटा धुंडाळल्या आणि दोन्ही सोडल्या. पाण्यावर रंग तरंगवून करायच्या संगमरवरी नक्षीसाठी बोटांभोवती फेविकॉलचा पातळ थर लावून ठेवला, आणि तो नंतर सालीसारखा सोलून काढताना जो आनंद झाला तो नक्षीपेक्षा जास्त होता. एका नखासाठी तीन-चार रंगांचे थेंब पाण्यात जातात, हे मला पटत नाही.

स्टॅम्पिंगने अधिक आशा दाखवली. कोरलेल्या प्लेटवर रंग लावायचा, जुन्या एटीएम कार्डाने निपटायचा, रबरी शिक्क्यावर उचलायचा आणि नखावर टेकवायचा. हात कोणताही असला तरी नक्षी सारखीच. रंग मात्र दाट रंगद्रव्याचा लागतो, साधा गुलाबी प्लेटवर छान दिसून नखावर नाहीसा होतो, आणि सगळे काम काही सेकंदांत उरकावे लागते, कारण कोरलेल्या रेषांतला रंग तेवढ्यात सुकतो. पंखा बंद ठेवून घामाघूम होत मी ते जमवलेही. पण मला काठ काढायचा होता, छापायचा नव्हता.

जेलबद्दल, म्हणजे दिव्याखाली कडक करायच्या नेलपॉलिशबद्दल, काही जणींनी विचारले होते. मी घरी जेल करत नाही. दिव्याखाली ते अर्धवट कडक झाले किंवा वारंवार कातडीला लागले तर त्यातल्या ॲक्रिलेटांची कायमची ॲलर्जी होऊ शकते, आणि युरोपीय संघाने जेलला दिव्याखाली कडक करणाऱ्या टीपीओ या घटकावर सप्टेंबर २०२५ पासून बंदी घातली आहे.

७ सप्टेंबर

या चार महिन्यांतला सर्वांत उपयोगी दिवस. भाचीच्या चित्रकलेच्या पेटीतला ॲक्रिलिक रंग पुरता सुकलेल्या नेलपॉलिशवर, शून्य नंबरच्या ब्रशचे केस कापून केलेल्या कुंचल्याने लावून पाहिला. ॲक्रिलिक पाण्यात कालवलेले असते आणि पाण्याचा सुकलेल्या नेलपॉलिशवर परिणाम होत नाही, त्यामुळे रेघ चुकली की ओल्या कापसाच्या टोकाने पुसून टाकता येते आणि खालचा रंग जसाच्या तसा राहतो. इतके दिवस एक रेघ चुकली की रिमूव्हरने सगळे नख पुसून पुन्हा तीन थर द्यावे लागत होते, म्हणजे एका चुकीची किंमत अर्धा तास होती, आणि डावा हात खरे तर त्या धास्तीने थरथरत होता. चूक पुसता येते म्हटल्यावर तो निम्म्याने शांत झाला. फक्त रेघ ओली असतानाच पुसावी लागते.

त्याच आठवड्यात ब्रश न हलवण्याची सवय लावून घेतली. दोन्ही कोपरे टेबलावर टेकवायची, डाव्या हातातला ब्रश जागच्या जागी स्थिर धरायचा आणि त्याखाली उजव्या हाताचे बोट फिरवायचे. कुंभार मडक्याभोवती फिरत नाही, त्यातलाच हा प्रकार. उजव्या हाताला रेघ कशी जावी हे ठाऊक असते, ते ज्ञान असे वापरता येते.

१२ ऑक्टोबर

राणी रंगाचे तीन थर आणि त्यावर सोनेरी ॲक्रिलिकचा नारळी काठ. हळद लक्षात ठेवूनच पांढऱ्याऐवजी सोनेरी घेतला. काठ नखाच्या टोकाशी ठेवला: आधी दोन समांतर रेघा, त्यांच्या वर ओळीने उभे राहणारे टोकदार आकार. प्रत्येक आकार एका रेघेत न काढता खालून वर अशा दोन छोट्या फटकाऱ्यांत काढला. तर्जनीवर सहा मावले, करंगळीवर चार.

टॉपकोट देताना पहिल्या दोन नखांवरचे सोने ओढले गेले. ब्रश नखाला घासला की असे होते. ब्रशवर मोठा थेंब घेऊन तो नक्षीवरून तरंगत न्यावा लागतो आणि केसांचा स्पर्श नखाला होऊ द्यायचा नसतो. शेवटी नखाच्या कडेवरूनही ब्रश फिरवला, म्हणजे भांडी घासताना टोकापासून टवके उडत नाहीत.

दोन्ही हात शेजारी ठेवून मोठ्या वहिनींना दाखवले. त्यांनी चष्मा लावला, एकेक बोट पाहिले आणि उजव्या अंगठ्यावर थांबल्या. “हा तेवढा डाव्या हाताने काढलेला दिसतो. बाकीची मला नाही सांगता येत.”

त्यांचे बरोबर होते. टेबलावर हात ठेवला की चार नखे वर पाहतात आणि अंगठा आडवा पडतो, त्यामुळे काठाची रेघ तिरपी जाते आणि टोके एका बाजूला झुकतात. दुसऱ्या दिवशी मूठ वळून अंगठा तिच्यावर सपाट ठेवून पाहिला; रेघ सरळ आली, पण शेवटचे दोन आकार पुन्हा झुकले. वसुबारसेच्या आदल्या दिवशी दुपारी, पुस्तकांच्या चळतीच्या कडेला अंगठा टेकवून, तेवढे एक नख पुन्हा करणार आहे. बाकीच्या नऊ नखांना हात लावणार नाही.