आमच्या कॉयरमधले सूर

अचलपूरकडच्या आमच्या छोट्या चर्चच्या कॉयरमध्ये, म्हणजे गाणाऱ्यांच्या गटात, पेटी मी वाजवतो, त्यामुळे कोण कुठून गाणं घेऊन आलंय ते मला लगेच कळतं. बासमधले, म्हणजे पुरुषांच्या खालच्या आवाजातले, काका तरुणपणी दंडारीत, म्हणजे गावच्या लोकनाट्यात, गायचे. माइक नसला तरी आवाज शेवटच्या बाकापर्यंत. टेनरमधला, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजातला, एक जण लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. नोटेशन शून्य, पण एकदा ऐकलं की चाल पक्की. लग्नसराईत तो रविवारी सापडत नाही, ते सोडा.

खरी गंमत आल्टोची, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाची. त्यातल्या मावशींचं माहेर मोझरीकडचं, कान तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांवर तयार झालेला. भजनात सगळे एकच चाल गातात. चार आवाजांच्या गाण्यात आपली ओळ धरून ठेवावी लागते. दुसऱ्या कडव्यात मावशी हमखास सोप्रानोच्या, म्हणजे बायकांच्या वरच्या आवाजाच्या, चालीवर जातात. टोकलं तर म्हणतात, "भाऊ, चाल सोडून बाजूनं कायले गायचं?" ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची (१८६१–१९१९) गीतं काढली की मात्र त्याच पुढे, आणि होस्टेलात डो-रे-मी शिकलेल्या आमच्या सोप्रानो समेवर चुकतात.

नाताळासाठी मी आल्टोची ओळ पेटीवर वाजवून मावशींच्या मोबाइलवर टाकलीय. भाकरी थापताना ऐकतात. ओळ बसलीय; मधेच मुरकी घेतात, तेवढी काढायची राहिलीय.