आजीची हातमशीन, नोंद तिसरी: पहिली टीप

रविवारी दुपारी पावणेचारला पहिली सलग टीप पडली. धोतराच्या जुन्या फडक्यावर, नऊ इंच, वर लाल दोरा आणि खाली पांढरा. दोन रंग मुद्दाम घेतले, कारण ताण कुठे कमी-जास्त आहे ते लगेच कळतं. वरून लाल रेघ सरळ, उलट बाजूला लाल रंग जेमतेम सुईच्या टोकाएवढा. एवढं बघायला जूनपासून थांबले होते.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. ही माझ्या आजीची सिंगरची हातमशीन. साताऱ्यात शनिवार पेठेतल्या आमच्या घरी माळ्यावर बावीस वर्षं पडून होती. खांबाच्या पायथ्याशी वाय अक्षराने सुरू होणारा अनुक्रमांक आहे. म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात १९२० नंतर आणि १९३५ च्या सुमारापर्यंत कधीतरी बनलेली. आकार आणि आतलं लांबट शटल (खालच्या दोऱ्याची बॉबिन ज्यात बसते तो भाग) बघता मॉडेल २८ के. तो कारखाना १९८० साली बंद झाला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजून सिंगरच आहे. आजीने ती जुनीच विकत घेतली होती, आत्याच्या जन्माआधी.

मागच्या नोंदीत चाक पाव फेरा फिरून अडत होतं. एका दुरुस्तीवाल्याने बघितल्या बघितल्या “मोडीत घाला, नवी घ्या” म्हणून सांगितलं होतं. तेव्हा फार वाईट वाटलं. पण हे लोखंड मोडलेलं नव्हतं, चिकटलेलं होतं. शेवटच्या वर्षांत मशीनचं तेल संपलं की आजी घरातलं खोबरेल सोडायची. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी खोबरेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय केसाला तेल लागत नाही, तेच तेल बारीक सांध्यांत गोठायचं. त्यात धूळ आणि कापडाचा कोंडा मिसळत गेला आणि वर्षानुवर्षं सुकून त्याचा तपकिरी, काकवीसारखा थर झाला. नख लावलं तर सालपटं निघत होती.

उपाय साधा, पण दम धरायला लावणारा. प्रत्येक तेलाच्या भोकात आणि जिथे जिथे लोखंड लोखंडावर घासतं तिथे दोन थेंब रॉकेल, मग रात्रभर विश्रांती. सकाळी केस वाळवायच्या यंत्राने त्या भागाला गरम हवा द्यायची आणि चाक अलगद मागे-पुढे हलवायचं. जोर अजिबात लावायचा नाही. पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी अर्धा फेरा. चौथ्या दिवशी सकाळी चहा उकळत होता, सहज जाताजाता हात लावला आणि चाक गरकन पूर्ण फिरलं. मी गॅस तसाच ठेवून दहा मिनिटं नुसती फिरवत बसले. त्यानंतर रॉकेल नीट पुसून काढलं आणि मशीनचं पातळ पांढरं तेल घातलं. रॉकेल मळ काढतं, वंगण देत नाही. ते आत ठेवून मशीन चालवली तर कोरडं लोखंड झिजतं.

कापड पुढे सरकवणाऱ्या दातांची पट्टी खोलली तेव्हाचं सांगायलाच हवं. दातांखाली कोंड्याचा दाबून दाबून नमदा झाला होता, बोटाच्या पेराएवढा जाड. चिमट्याने तो अख्खा उचलला गेला. कडेने पाहिलं तर थर दिसत होते. सगळ्यात वर पांढरा, त्याखाली खाकी, मग एक गर्द जांभळा पट्टा, त्याच्या खाली परत पांढरा, आणि तळाशी काळपट हिरवा, त्यात एक-दोन चकाकणारे धागे. फोटो आत्याला पाठवला. दोन मिनिटांत फोन. “अगं, खाकी म्हणजे अण्णाच्या शाळेच्या चड्ड्या. आणि ते हिरवं खणाचं. माझं पोलकं होतं, चौथीत असताना.” जांभळं काय होतं ते तिला आठवेना, रात्री परत फोन केला तरी आठवेना. तो नमदा मी टाकला नाही. बांगड्यांच्या जुन्या डबीत ठेवलाय.

आता माझी चूक, म्हणजे तुमच्याकडून ती होणार नाही. अंगावरची सोनेरी नक्षी मळली होती, म्हणून एका कोपऱ्यात हात स्वच्छ करायच्या स्पिरिटने पुसलं. दोन सेकंदांत तिथे पांढुरकं धुकं आलं. या जुन्या मशीनींच्या काळ्या रंगावर आणि नक्षीवर लाखेचा थर असतो. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार पॉलिशसाठी तेच तर करतात. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश काढायचं पाणी, यातलं काहीही वर लावू नका. साबणाचं पाणीही नको, नक्षीचं सोनं उडून खाली चंदेरी दिसायला लागतं. मऊ सुती फडक्याला मशीनचंच तेल लावून, हलक्या हाताने, गोल गोल. तीन संध्याकाळी गेल्या, पण बाकीची नक्षी शाबूत आहे. धुकटलेला कोपरा तसाच राहणार, त्यावर मी आता काही करणार नाही.

पट्टीच्या पुढच्या कडेला, जिथे कापड सतत सरकायचं, तिथे काळा रंग जाऊन लोखंड चांदीसारखं गुळगुळीत झालंय. एका ओळखीच्यांनी रंग मारून द्यायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं. लाकडी बैठकीच्या कडेला आजीने चाकूने इंचांच्या खाचा पाडल्या आहेत, दर सहाव्या खाचेला लांब रेघ. टेप शोधत बसायला नको म्हणून. मी त्या टेपने मोजून पाहिल्या: बारा इंचांत फरक दोऱ्याच्या जाडीएवढासुद्धा नाही. तिथेही पॉलिश लावताना खाचा भरणार नाहीत याची काळजी घेतली.

स्क्रू काढताना मी इडलीपात्राचा एक ताट वापरला. एका खळग्यात एका भागाचे स्क्रू, आणि प्रत्येक पायरीचा फोटो. सिंगरच्या स्क्रूंचे आटे त्यांचे स्वतःचे असतात, हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू बसत नाही. एक हरवला की शोधत फिरा. बॉबिन भरायच्या चाकावरचं रबर मात्र वाळून तुकडे झालं होतं. त्याच्या जागी नळाच्या सामानाच्या दुकानातून आणलेली रबरी रिंग मापात बसली.

टीप पडायला एवढा वेळ का लागला, तर सगळं खालच्या दोऱ्यात अडकलं होतं. या मशीनला गोल बॉबिन केस नसते. होडीसारखं निमुळतं शटल असतं, त्यात लांब काडीसारखी बॉबिन बसते, आणि ते खाली झोक्यासारखं पुढे-मागे जातं. दोरा शटलच्या पोलादी पत्तीखालून गेला पाहिजे. माझा जात नव्हता. दिसताना गेल्यासारखा दिसायचा, पण पत्तीच्या तोंडाशी गंजाचा कण होता आणि दोरा त्याच्यावरून बाहेर राहायचा. मग खाली दोऱ्याचं जाळं. मी वरचा ताण आवळत गेले, आणखी गुंता. आठवडाभर चुकीच्या टोकाला काम केलं.

शेवटी शनिवारी आत्या कराडहून आली. तिने शटल हातात घेतलं, दोरा धरून ते हवेत सोडलं. सरसर खाली आलं. “बघ, धरतच नाही. नुसतं लोंबकळलं पाहिजे, आणि हाताला झटका दिला की बोटभर उतरलं पाहिजे.” पत्तीखाली कापडाची चिंधी ओढून गंज काढला, छोटा स्क्रू पाव आट्याने फिरवला, पुन्हा सोडलं. लोंबकळलं. झटका दिला, बोटभर उतरलं. सुई आम्ही नवी, चौदा नंबरची लावली, चपटी बाजू शटलकडे. बाजारात मिळणारी साधी घरगुती सुई चालते, हे फार मोठं सुख आहे.

पहिली टीप मी घातली. दुसरी आत्याने. ती एकोणऐंशी वर्षांची आहे, सांधे दुखतात, सुईत दोरा मला घालावा लागला. पण उजव्या हाताने चाक आणि डाव्या हाताने कापड, हे तिचं एका लयीत सुरू झालं आणि मी बघतच राहिले. या मशीनला उलटी टीप नाही. टोकाला आल्यावर तिने सुई कापडात रोवून ठेवली, मशीनचा कापड दाबणारा पाय उचलला, कापड फिरवलं आणि तीन टाके परत आली. “आई असंच करायची. गाठ मारत बसायची नाही.”

चुलतभावाच्या मुलीचं बारसं पुढच्या महिन्यात आहे. आजीच्या एका मऊ झालेल्या सुती लुगड्यातून झबलं आणि कुंची शिवायचं ठरलंय. कापलंय आत्याने, शिवायचं माझ्याकडे. सध्या यवतेश्वराच्या डोंगराकडून धुकं थेट खिडकीत येतं, लोखंडाला रात्रीत लालसर बुरशीसारखा गंज धरतो. म्हणून काम झालं की शटलच्या वाटेवर तेलाचा एक थेंब, सुईखाली कापडाचा तुकडा आणि वर सुती चादर. प्लॅस्टिक घालत नाही, आत घाम धरतो. मशीन लावायच्या आधी दर वेळी चिंधीवर दोन-तीन इंच टीप मारून जास्तीचं तेल काढते, नाहीतर झबल्यावर डाग पडायचा.

राहिलेली कामं: हँडलच्या दाताळ्या चाकात अजून खडखड आहे. लाकडी झाकणाचं कुलूप किल्लीशिवाय आहे. आणि लांब बॉबिन माझ्याकडे तीनच, त्यातली एक वाकलेली. जुन्या बाजारात किंवा कुणाच्या घरी शिवणाच्या डब्यात काडीसारख्या, दोन्ही टोकांना चकती असलेल्या बॉबिन दिसल्या तर माझ्यासाठी बाजूला ठेवा. सव्वा इंचाच्या आसपास लांबी असते, पण आधी फोटो पाठवा, शटलमध्ये बसेल का ते मी बघून सांगते.