तरुण संघ कशासाठी?

नाताळ जवळ आला की मंडळीला, म्हणजे चर्चच्या सभासदांना, आपल्या तरुण संघाची आठवण होते. कॅरोल गात घरोघर फिरायचे, चर्च सजवायचे, नाटिका बसवायची, खुर्च्या उचलायच्या. आणि जानेवारी उजाडला की हीच मुले पुन्हा मागच्या बाकांवर दिसू लागतात. वडीलधाऱ्यांना यात काही वावगे वाटत नाही, कारण मुले चर्चच्या आवारात आहेत, वाईट संगतीला लागलेली नाहीत, एवढ्यावर त्यांचे समाधान होते. मला ही अपेक्षा फारच तोकडी वाटते.

लंडनमध्ये १८४४ साली वायएमसीए ही ख्रिस्ती तरुणांची संघटना सुरू करणारा जॉर्ज विल्यम्स कापडाच्या दुकानात नोकरी करणारा अवघा २२ वर्षांचा तरुण होता. गाव सोडून शहरात आलेले, दिवसभर दुकानात राबणारे त्याचे सोबती कोणा पाळकाच्या (चर्चच्या धर्मगुरूच्या) सांगण्यावरून नव्हे, तर एकमेकांच्या आधारासाठी प्रार्थनेला व बायबलवाचनाला जमत होते. पुढे १८८१ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे पाळक फ्रान्सिस क्लार्क यांनी आपल्या मंडळीतील तरुणांसाठी ‘ख्रिश्चन एन्डेव्हर’ ही संस्था काढली, तेव्हा प्रत्येक सभासदाने सभेत काही ना काही भाग घ्यावा, अशी प्रतिज्ञाच ठेवली होती. दोन्हीकडे तरुण हे कार्यक्रमाचे प्रेक्षक नव्हते.

आपल्याकडे या सहभागाचे बीज दृढीकरणाच्या विधीत आहे. तान्हेपणी बाप्तिस्मा झाला तेव्हा आईवडिलांनी आणि धर्ममातापित्यांनी जी वचने दिली, ती तरुण मुलगा किंवा मुलगी दृढीकरणाच्या दिवशी मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने देते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तेव्हा बालकांचा बाप्तिस्मा आणि समजत्या वयातील बाप्तिस्मा या दोन्ही प्रथांना तिने जागा दिली. पण विश्वास स्वतः कबूल करण्याची वेळ दोन्ही वाटांवर येतेच. त्या कबुलीनंतर आपण त्या मुलांच्या हाती काय देतो? बहुधा रंगीत कागद आणि डिंकाची बाटली.

(अंताक्षरीला आणि सहलीला माझा विरोध नाही, मैत्री जमल्याशिवाय मनातले प्रश्न कोणी विचारत नाही.)

प्रश्न मात्र विचारता आले पाहिजेत. प्रार्थना करूनही आजारी माणूस का गेला, दुसऱ्या धर्मातील व्यक्तीशी लग्न करावे काय, ख्रिस्ती झालेल्या घरांतही जातीची विचारपूस का होते, असे विषय निघाले की बायबलमधले एखादे वचन सांगून सभा आटोपती घेतली जाते. नागपूरची अनेक मुले शिक्षण किंवा नोकरीसाठी पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला जातात आणि तिथल्या एखाद्या खोलीत, रविवारी कोणी हाक मारणारे नसताना, हे प्रश्न त्यांच्यापुढे एकट्याने उभे राहतात. म्हणूनच संघाची पारख हजेरीवहीवरून न करता, संघ सोडून परगावी गेलेली मुले तिथली मंडळी शोधतात की नाही, यावरून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यासाठी संघाचा जमाखर्च तरुणांनीच ठेवावा, महिन्यातून एका रविवारची उपासना त्यांनी स्वतः तयार करून चालवावी आणि मंडळीच्या कमिटीत त्यांच्यापैकी दोघांना मतासह जागा मिळावी. यातली शेवटची सूचना ज्येष्ठांना सर्वांत जड जाईल, हे मी जाणतो. तरीही येत्या वार्षिक सभेत ती मी सर्वांत आधी मांडणार आहे.