खर्जातला सा

आई हिंडू-फिरू लागली आणि मी अंथरूण धरलं. दीड वर्ष तिचं आजारपण काढलं, तोवर मला काही झालं नव्हतं.

नाव घ्यावं असा आजार नव्हताच. जिना चढताना धाप लागायची, दुपारी डोळे मिटायचे आणि रात्री मात्र मी टक्क जागी. कुणी जरा मोठ्याने बोललं तरी डोळ्यांत पाणी यायचं. मैत्रीण म्हणाली, "अगं, ध्यानाला बसत जा." तीन आठवडे रोज पहाटे बसले. डोळे मिटले की एक तर डुलकी लागायची, नाहीतर आईच्या औषधांच्या वेळा डोक्यात फिरायच्या. आपलंच मन कच्चं, असं म्हणून मी स्वतःला फार बोल लावला. तो अन्याय होता, म्हणून इथे मुद्दाम लिहितेय.

शेवटी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.९. बायकांचं १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. बी-१२ सुद्धा कमी. डॉक्टर म्हणाल्या, "शरीराला प्राणवायूच पुरत नाहीये, मनाला कशाला दोष देता?" ते ऐकून मी दवाखान्यातच रडले. इंजेक्शनं आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळीच्या आगेमागे चहा-कॉफी बंद, कारण त्याने लोह नीट शोषलं जात नाही. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, तेव्हा आठवड्याभरात चमत्काराची वाट बघू नका, असंही त्यांनी बजावलं.

आईला भरवून झालं की मी ओट्याशी उभ्या-उभ्या चार घास कोंबायचे. ती सवय मोडायला सगळ्यात जास्त दिवस लागले. ताट घेऊन बसायचं, फोन दुसऱ्या खोलीत. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला वीसेक मिनिटं लागतात आणि माझं जेवण पाच मिनिटांत उरकत होतं. पहिल्यांदा सावकाश जेवले तेव्हा घासाची चव शेवटपर्यंत जिभेवर राहिली. इतक्या महिन्यांत मी काय खाल्लं हे मला आठवतच नव्हतं.

झोपेसाठी एकच नियम केला. रात्र कशीही जावो, उठायचं सहालाच. उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं उघड्यावर. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्या मेंदूतल्या घड्याळाला दिवस उजाडल्याची वर्दी देतात. ढगाळ सकाळीही बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो. दुपारनंतरची कॉफी सोडली, कारण तिच्यातलं निम्मं कॅफीन पाच-सहा तासांनीही अंगात असतं. तिसऱ्या आठवड्यात एके रात्री दिवा मालवला आणि एकदम सकाळच झाली. चालण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आठवड्याला १५० मिनिटं म्हणतात, मला पहिल्या महिन्यात चाळीसही जमली नाहीत.

अंगात थोडं बळ आल्यावर मनात साचलेलं वर यायला लागलं. जेम्स पेनीबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनावरचं सगळ्यात जड ओझं कागदावर उतरवायला लावलं होतं. मीही वही घेतली. पहिल्या पानावर भावाबद्दलचा राग निघाला. दीड वर्षात तो दोनदा आला होता. दुसऱ्या दिवशी त्याहून वाईट निघालं: आई झोपेत कण्हत असताना ऐकू येऊनही मी एकदा उठले नव्हते. ते लिहिताना हात थरथरत होता. लिहून लगेच हलकं वाटतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, मला दोन दिवस जेवण गेलं नाही. पण नंतरच्या रविवारी मी भावाला फोन केला आणि आवाज न चढवता सांगू शकले की तू यायला हवं होतंस.

शरीरासाठी, मनासाठी एवढं केलं, आत्म्याचं मात्र मी काही ठरवलं नव्हतं. लहानपणी गाणं शिकत होते, ते केव्हाच सुटलेलं. एका सकाळी बाहेर उभी असताना सहज खर्जातला सा लावून पाहिला. सहा सेकंदांत तुटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. सूर धरला की श्वास आपोआप लांब सुटतो आणि श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच जाणवलं की छातीचं हाड बोटांखाली गुणगुणतंय आणि डोक्यात औषधांची एकही वेळ फिरत नाहीये. तीन आठवडे डोळे मिटून जे शोधत होते, ते डोळे उघडे असताना मिळालं.

हिमोग्लोबिन आता ११.६ आहे, अजून पूर्ण झालेलं नाही. काल सा अठरा सेकंद टिकला. आत आई जागी झाली होती. ती खोलीतूनच म्हणाली, "थांबू नकोस गं, लाव परत."