आवाजावर टाकलेला फ्लॅग

आठवडाभर ओहायोतल्या ऑफिसात कोडिंग आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर दर शनिवारी डिव्हिजन थ्री (तिसऱ्या गटातल्या) कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलला बॅक जज (सगळ्यात मागे उभा राहणारा पंच), असं माझं चालू आहे. टीव्हीवरच्या मॅचला रिप्ले असतो, आमच्याकडे फक्त सात ऑफिशियल. आणि बोटात अडकवलेलं इलॅस्टिक. पहिला डाउन (बॉल पुढे न्यायच्या चार प्रयत्नांतला एक) तर्जनीत, दुसरा मधल्या बोटात, चौथ्याला करंगळी, म्हणजे कितीही गोंधळ झाला तरी खाली न बघता अंगठ्याने चाचपून कळतं कितवा डाउन चाललाय.

त्या दिवशी सीनियर डे होता, शेवटची होम मॅच. शेवटच्या वर्षाची पोरं आईवडिलांचा हात धरून मैदानात आली, आयांच्या हातात फुलं. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी स्कॉलरशिपसुद्धा मिळत नाही, पोरं निव्वळ आवडीने चार वर्षं हाडं मोडून घेतात.

तिसऱ्या क्वार्टरला त्यातलाच एक सेफ्टी (मागे राहून बचाव करणारा प्लेयर), बॉलसाठी उडी मारून खाली येणाऱ्या रिसीव्हरवर जाऊन आदळला. मी सगळ्यात मागे उभा, म्हणजे मला सेफ्टीची नुसती पाठ दिसत होती. फाडकन आवाज आला, रिसीव्हरची मान मागे गेली आणि माझा फ्लॅग, म्हणजे फाउल झाल्याची खूण, हवेत. टार्गेटिंग, म्हणजे समोरच्याच्या डोक्यावर-मानेवर मारलेली धडक.

नव्या ऑफिशियल्सना मी स्वतः सांगत असतो की बाबांनो, आवाजावर फ्लॅग टाकायचा नाही, डोळ्यांनी दिसलं तरच टाकायचा. पण टार्गेटिंगला रूलबुकच म्हणतं की शंका असेल तर फाउल धरा, डोक्याला मार लागायची भीती आहे म्हणून, आणि ते बरोबरच आहे. कडेला उभ्या साइड जजच्या समोर दोन प्लेयर आले होते, त्याला काहीच दिसलं नव्हतं. रेफरीने मला विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "हो."

त्याच्या टीमला पंधरा यार्डांची शिक्षा, समोरच्यांना फर्स्ट डाउन आणि पोरगा मॅचमधून बाहेर. कोच माझ्यावर ओरडत होता आणि मला तेव्हा तो उद्धट वाटला. दोन प्ले झाल्यावर तोच रिसीव्हर माझ्या हातात बॉल देताना हळूच म्हणाला, "सर, त्याचा खांदा लागला होता, हेल्मेट नाही." पुढचा स्नॅप झाला, म्हणजे पुढचा प्ले सुरू झाला, की निर्णय फिरवता येत नाही. हेच पहिल्या हाफमध्ये झालं असतं तर रेफरीला मध्यंतरात व्हिडिओ तरी बघता आला असता.

२०२० पासून टार्गेटिंगवाल्याला साइडलाइनला थांबता येतं. तो शेवटपर्यंत हेल्मेट काढून तिथे उभा होता, आणि मी दर प्लेला त्याच्यासमोरून जात होतो.

सोमवारी व्हिडिओ आला. खांदा, थेट छातीवर. आमचं काम तपासणाऱ्या इव्हॅल्युएटरने शेरा दिला, शंका होती म्हणजे निर्णय योग्य. मला तो शेरा पटलेला नाही. शंका होती हे मी कुणाला सांगितलंच कुठे? रेफरीने विचारलं तेव्हा "मला दिसलं नाही, नुसता आवाज आला" एवढंच म्हणायचं होतं.