पेठेतल्या पटांगणात नाटक: परवान्यांपासून शेवटच्या केएमटीपर्यंत

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि कोल्हापुरातील हौशी नाट्यसंस्थांची हक्काची जागा एका रात्रीत हातची गेली. दुसऱ्या दिवशी, 9 ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी 1915 साली ‘पॅलेस थिएटर’ म्हणून खुले केलेले हे नाट्यगृह आणि शेजारचे खासबाग कुस्ती मैदान ही या शहराच्या मध्यभागी असलेली जोडी आहे, आणि कला व कुस्ती यांना शहराच्या काठावर न ढकलता ऐन वस्तीत जागा देण्याचा विचार त्या जोडीत स्पष्ट दिसतो. नाट्यगृहाची पुनर्बांधणी सुरू असताना आमच्या संस्थेने आपला नवा प्रयोग मंगळवार पेठेतील एका तालमीच्या, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याच्या, पटांगणात केला. त्यासाठी जे जे करावे लागले ते इतर संस्थांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यामुळे ते सविस्तर लिहीत आहे.

शहरातील इतर सभागृहांचा विचार आम्ही आधी केला होता. परंतु नाट्यगृह बंद असल्यामुळे सगळ्यांचीच धाव तिकडे असते आणि शनिवार-रविवारच्या तारखा फार आधीच जातात. त्याहून महत्त्वाचे कारण नाटकाच्या विषयात होते. आमची संहिता शाहू मिलमधील एका कामगार कुटुंबावर आहे. 1906 साली शाहू महाराजांच्या हस्ते पायाभरणी झालेली आणि 2003 मध्ये बंद पडलेली ही गिरणी कोटीतीर्थाजवळ आहे, आणि तिच्या भोंग्यावर ज्या घरांचे घड्याळ चालत असे ती घरे मंगळवार पेठेत आणि आसपास आहेत. ज्यांची ही गोष्ट आहे, ती माणसे तिकीट काढून सभागृहात येतील याची वाट पाहण्यापेक्षा नाटकानेच त्यांच्या दारात जावे, असे आमच्यातील बहुतेकांचे मत पडले. मला स्वतःला तेव्हाही तेच योग्य वाटत होते आणि आजही वाटते.

कामाची सुरुवात संहितेपासून झाली. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. संहितेच्या प्रती, लेखकाचे संमतीपत्र आणि शुल्क पाठवल्यानंतर वाचन होते, काही सूचना असल्यास कळवल्या जातात आणि मग प्रमाणपत्र मिळते. हे प्रमाणपत्र सर्वांत आधी मिळवावे, कारण पुढच्या जवळजवळ प्रत्येक अर्जाला त्याची प्रत जोडावी लागते, आणि ते हातात नसेल तर बाकीची कागदपत्रे तयार असूनही फाइल जागची हलत नाही. आम्ही पावसाळ्यातच संहिता पाठवली, त्यामुळे दिवाळीनंतर तारीख ठरवताना ही बाजू मोकळी होती.

तिकिटाच्या बाबतीत एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. नाटकाच्या प्रवेशाचा दर माणशी 500 रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. आमचे तिकीट 100 रुपयांचे होते, त्यामुळे तो प्रश्नच आला नाही.

जागेची परवानगी मात्र दोन पातळ्यांवर घ्यावी लागली. पटांगणाचा वापर वर्षानुवर्षे तालमीकडे आहे, पण जमीन महापालिकेची आहे. म्हणून आधी तालमीची लेखी संमती आणि मग तिच्या आधारे महापालिकेकडे अर्ज, असा क्रम ठेवला. तालमीतील ज्येष्ठ मंडळींसमोर आम्ही संहितेचा पहिला अंक वाचून दाखवला. वाचन संपल्यावर त्यांच्यातील वस्ताद म्हणाले, “पोरांनो, जागा तुमचीच समजा. पण शाहू स्टेडियमवर सामना असंल त्या दिवशी मांडव घालू नका, एक माणूस मिळायचा नाही.” बाहेरच्या माणसाला या अटीचे नवल वाटेल. कोल्हापुरात तालमींचे स्वतःचे फुटबॉल संघ आहेत, आणि हंगामात सामन्याच्या दिवशी अख्खी पेठ स्टेडियमवर असते. त्यामुळे आमच्या तारखेवर पहिले बंधन सामन्यांच्या वेळापत्रकाचे आले आणि दुसरे दहावी-बारावीच्या परीक्षांचे.

तालमीचा दुसरा मोठा उपयोग असा झाला की तेथील कार्यकर्ते दरवर्षी गणेशोत्सवाचे परवाने काढतात. कोणता अर्ज कोणत्या टेबलावर जातो, कोणत्या पत्रावर आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठायचे नाही, नकाशात मांडवाबरोबर रस्त्याची रुंदीही दाखवावी लागते, हे सगळे त्यांना पाठ आहे. एका कार्यालयात आमची फाइल दोन टेबलांच्या मध्ये अडकून पडली होती, कारण पहिल्याला दुसऱ्याचा अभिप्राय हवा होता आणि दुसऱ्याला पहिल्याचा. तेव्हा या कार्यकर्त्यांपैकी एकाने दोघांच्याही नावे एकाच मजकुराचे पत्र देऊन, प्रत्येकाची पोच दुसऱ्याच्या पत्राला जोडून ती गाठ सोडवली. नाट्यसंस्थांनी अशा माणसांना सुरुवातीपासून सोबत घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

ध्वनिक्षेपकाचा परवाना पोलीस ठाण्यातून घ्यावा लागतो, आणि जागा निवडताना याचा विचार सर्वांत आधी करणे गरजेचे आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. दिवसा निवासी भागात 55 डेसिबल आणि व्यापारी भागात 65 डेसिबल ही मर्यादा आहे, तर रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीचा 100 मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो आणि तिथे ती 50 डेसिबलवर येते. शहराच्या मध्यभागी खुल्या प्रयोगासाठी जागा शोधताना हे अंतर फार आड येते. भाऊसिंगजी रस्त्यावर सीपीआर रुग्णालय पूर्वीपासून आहे, आणि त्याच्यासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकार आणि वकील आता तिथे येतात. चार दशकांच्या मागणीनंतर ही गोष्ट घडली याचा आनंद प्रत्येक कोल्हापूरकराला आहे. पण टाउन हॉलच्या बागेत किंवा त्या परिसरात खुला प्रयोग करण्याचा जो विचार आमच्या मनात सुरुवातीला होता, तो याच कारणाने आम्ही बाजूला ठेवला.

पेठेतील पटांगण निवासी भागात येत असल्यामुळे आवाज कमी ठेवणे भागच होते. आमच्या ध्वनिसंयोजकाने मोठे भोंगे न लावता छोटे स्पीकर प्रेक्षकांच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या उंचीवर, थोड्या थोड्या अंतरावर ठेवले. नाटकाच्या सरावाच्या वेळी तो मोबाइलवरचे आवाजमापक घेऊन पटांगणाच्या कडेच्या घराच्या ओट्यावर बसला, आणि त्या घरातील आजी शेजारी बसून प्रत्येक प्रवेशानंतर “आत्ता ऐकू आलं” किंवा “आता जरा जास्त झालं बाळा” असे सांगत राहिल्या. मोबाइलचे माप कायद्याच्या दृष्टीने पुरेसे नसते हे खरे, पण आजींचे माप आणि मोबाइलचे माप यांत फारसा फरक पडला नाही, आणि त्या घराची लेखी हरकत येण्याची शक्यता त्या संध्याकाळीच संपली.

अग्निशमन विभागाच्या ना हरकत दाखल्यासाठी मांडवाचा नकाशा, बाहेर पडण्याच्या दोन वाटा, अग्निशामक यंत्रे आणि वाळूच्या बादल्या यांची तरतूद दाखवावी लागते. केशवराव भोसले नाट्यगृहाच्या आगीनंतर ही औपचारिकता आहे असे आमच्यापैकी कोणालाही वाटले नाही. ज्या रंगमंचावर आम्ही पहिल्यांदा उभे राहिलो तो कोळसा झालेला पाहिल्यावर दिव्याजवळ लोंबणारा पडदा पाहणेही नकोसे होते. विजेचे काम करणारा मुलगा प्रत्येक दिवा लावून काही मिनिटे तापू देत असे, मग जवळच्या कापडावर तळहात ठेवून पाही, आणि कापड जरा कोमट लागले तरी ते मागे ओढून सुतळीने बांधून टाकी. तात्पुरती वीजजोडणी रीतसर महावितरणकडून घेतली. शेजारच्या घरातून वायर ओढण्याची जी सवय सगळीकडे आहे ती आम्ही ठरवून मोडली.

या सगळ्यापेक्षा जास्त विचार आम्ही ज्या प्रश्नावर केला तो प्रश्न कोणत्याही अर्जाच्या नमुन्यात विचारलेला नाही, आणि तो म्हणजे प्रयोग संपल्यावर प्रेक्षक घरी कसा जाणार. 1972 साली महापालिका झाली तेव्हाची शहराची हद्द दशकानुदशके तशीच राहिली, परंतु वस्ती कळंबा, पाचगाव, फुलेवाडी, उचगाव अशी चहूबाजूंनी पसरत गेली. मिलमध्ये काम केलेल्या वडीलधाऱ्यांची घरे पेठेत असली तरी त्यांची मुले आणि नातवंडे या उपनगरांत राहतात. नाटक पाहायला त्यांनी यावे अशी आमची इच्छा होती. दुचाकीवर ते येऊ शकतात, पण आई-वडिलांना आणि लहान मुलांना घेऊन येणाऱ्या कुटुंबाला केएमटी, म्हणजे महापालिकेची शहर बस, किंवा रिक्षा लागते, आणि रात्री रिक्षाचे दोन्हीकडचे भाडे चौघांच्या तिकिटांच्या घरात जाते.

म्हणून आम्ही प्रयोगाची वेळ उलट बाजूने ठरवली. मिरजकर तिकटी आणि छत्रपती शिवाजी महाराज चौक हे दोन्ही थांबे पटांगणापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. चौकातील वाहतूक नियंत्रकांना भेटून आम्ही कोणत्या मार्गाची शेवटची गाडी केव्हा सुटते ते विचारले. त्यांनी आमच्याच हस्तपत्रिकेच्या मागच्या बाजूला मार्गवार वेळा लिहून दिल्या आणि म्हणाले, “कागदावरची वेळ धरू नका. शनिवारी अंबाबाईला गर्दी असते, गाडी बिनखांबी गणेश मंदिरापाशी अडकली की पुढचं सगळं मागं पडतं. अर्धा तास हाताशी ठेवा.” त्या हस्तपत्रिकेवरून आम्ही मागे मोजत आलो आणि प्रयोग संध्याकाळी साडेसहाला सुरू करण्याचे ठरवले. हौशी रंगभूमीला रात्री साडेआठ-नऊची सवय आहे. आमच्यातील नोकरी करणाऱ्या नटांना त्या दिवशी रजा घ्यावी लागली आणि त्यावरून बराच वादही झाला. पण वेळ पक्की झाल्यावर ती तिकिटावर छापताना खाली मार्ग आणि शेवटच्या गाडीची वेळही छापली.

वाहनतळाचा प्रश्न याच्याशीच जोडलेला होता. शनिवार-रविवारी बाहेरगावच्या भाविकांच्या गाड्यांनी बिंदू चौकातील वाहनतळ भरून जातो आणि पेठांतील गल्ल्यांतही गाड्या शिरतात. वाहतूक शाखेकडे दिलेल्या अर्जात आम्ही रस्ता बंद करण्याची मागणी मुद्दाम केली नाही. त्याऐवजी जवळच्या एका शाळेचे मैदान दुचाकींसाठी मिळवले आणि तालमीची मुले वळणावर उभी केली. रस्ता बंद करायचा नसल्यामुळे हा दाखला सर्वांत लवकर मिळाला.

प्रयोगाला पटांगण भरले होते. पहिल्या रांगांत मिलमध्ये काम केलेले आजोबा बसले होते, आणि भोंग्याच्या प्रवेशानंतर त्यांच्यापैकी एकांनी मध्यंतरात आमच्या दिग्दर्शकाला बोलावून पाळीच्या वेळा कशा बदलत असत ते समजावून सांगितले. संहितेत ती दुरुस्ती आता केली आहे. प्रयोग वेळेवर संपला, आणि कळंब्याच्या बाजूला जाणारा एक मोठा घोळका बोलत बोलत मिरजकर तिकटीकडे निघाला. स्वयंसेवक त्यांच्याबरोबर थांब्यापर्यंत गेले आणि गाडी येईपर्यंत थांबले.

या अनुभवानंतर एक मागणी मी ठामपणे मांडतो. मे 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अंबाबाई मंदिर परिसराच्या सुमारे 1,445 कोटी रुपयांच्या विकास आराखड्याला मंजुरी दिली आहे, आणि केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेत कोल्हापूरला 100 विजेवरच्या बसगाड्या मंजूर झाल्या आहेत. मध्यवर्ती भागात रस्ते, वाहनतळ आणि थांबे नव्याने आखले जात असताना पेठांमधील तालमींची पटांगणे मोकळी राहावीत आणि तिथे कायम वीजजोडणीची पेटी असावी. ज्या दिवशी महापालिकेने प्रयोगाला परवानगी दिली असेल त्या दिवशी त्याची प्रत आपोआप केएमटीकडे जावी आणि उपनगरांकडे जाणारी शेवटची गाडी प्रयोग संपेपर्यंत थांबवता यावी. नाट्यगृह पुन्हा उभे राहिल्यावरही याची गरज संपणार नाही, कारण खासबागेतून रात्री घरी जाणाऱ्या प्रेक्षकालाही हीच गाडी लागते.

दुसरा प्रयोग आम्ही फुलेवाडीच्या बाजूला करणार आहोत. संहितेचे प्रमाणपत्र हाताशी असल्यामुळे या वेळी पहिला अर्ज केएमटीकडे दिला आहे, आणि त्यात गंगावेशीहून त्या बाजूला जाणारी रात्रीची गाडी अर्धा तास उशिरा सोडण्याची विनंती केली आहे. त्याचे उत्तर आल्यावरच तारीख जाहीर करू.